वाचकांचे प्रश्न : काँक्रीटची जहाजे

प्रश्न : पहिल्या महायुद्धाच्या काळात काँक्रीटची जहाजे बांधली गेली होती असे वाचनात आले. एवढी जड वस्तू पाण्यावर तरंगली कशी? आणि पोलादाची जहाजे बांधण्याचे तंत्र चांगले अवगत असताना काँक्रीटकडे वळण्याचे कारण काय?

उत्तर : तरंगण्याचे कोडे सोडवायला फार वेळ लागत नाही. पोलाद पाण्याच्या जवळजवळ पावणेआठ पट जड असते आणि साधे काँक्रीट सुमारे २.४ पट, म्हणजे जड वस्तू म्हणून शंका घ्यायचीच असेल, तर ती आधी पोलादावर घ्यावी लागेल. पोकळ भांडे पाण्यात जितके खाली जाते, तितके पाणी ते बाजूला सारते आणि त्या पाण्याचे वजन भांड्याच्या व आतल्या मालाच्या एकूण वजनाइतके झाले की ते तिथेच स्थिरावते. भांडे कशाचे केले आहे, याच्याशी या नियमाला कर्तव्य नाही. मात्र काँक्रीटच्या भिंती पोलादी पत्र्याहून कितीतरी जाड ठेवाव्या लागत असल्याने तेवढाच माल वाहण्यासाठी काँक्रीटचे जहाज अधिक जड होते आणि पाण्यात अधिक खोल बसते, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळा हिशेब इथेच येऊन अडला.

अभियंत्यांना चिंता होती ती वाकण्याची. मोठी लाट जहाजाच्या मधोमध आली की दोन्ही टोके खाली झुकतात आणि डेकवर ताण येतो. दोन लाटा दोन टोकांना आल्या की मधला भाग झुकतो आणि ताण तळाकडे जातो. लांबच्या प्रवासात हे लाखो वेळा घडते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण त्याला सोसवत नाही. म्हणून ताणाचे काम पोलादी सळयांवर सोपवावे लागते, आणि सळया घातलेल्या काँक्रीटची नौका ही युद्धाच्या बरीच आधीची कल्पना आहे. दक्षिण फ्रान्समधील जोसेफ-लुई लाम्बो यांनी १८४८ मध्ये लोखंडी जाळीवर सिमेंटचा गिलावा चढवून एक लहान होडी केली आणि १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीत कार्लो गाबेल्लिनी यांनी काँक्रीटचे बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालनौका, बांधले. नॉर्वेतील निकोलाय फौग्नर यांचे ‘नाम्सेनफ्योर्ड’ हे ८४ फूट लांबीचे, स्वतःच्या इंजिनावर चालणारे जहाज ऑगस्ट १९१७ मध्ये पाण्यात उतरले, आणि मग मोठ्या राष्ट्रांचे लक्ष तिकडे गेले.

लक्ष जाण्याचे कारण त्या वर्षाच्या घडामोडींत आहे. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध सुरू केले आणि त्याच वर्षीच्या एकट्या एप्रिल महिन्यात आठ लाख टनांहून अधिक क्षमतेची जहाजे समुद्रतळाशी गेली. बुडणाऱ्या जहाजांची जागा भरायला पोलाद हवे होते, आणि पोलाद तर तोफा, तोफगोळे, रेल्वे व युद्धनौका यांनाही हवे होते. सिमेंट, वाळू आणि खडी यांना युद्धात तेवढे गिऱ्हाईक नव्हते. शिवाय पोलादी पत्रे कापणारे आणि रिव्हेट ठोकणारे कुशल कारागीर दुर्मीळ झाले होते, तर इमारती व पूल बांधणारे कामगार आणि ठेकेदार उपलब्ध होते. काँक्रीटच्या जहाजालाही सळयांसाठी पोलाद लागतेच, पण त्याच आकाराच्या पोलादी जहाजाच्या मानाने बरेच कमी लागते. या परिस्थितीत काँक्रीटचा विचार करणे मुळीच वेडेपणाचे नव्हते, असे मला वाटते. पुढे त्याची जी थट्टा झाली, ती युद्ध संपल्यावर पोलाद पुन्हा स्वस्त झाल्यानंतरची आहे.

प्रश्न : अमेरिकेने अशी किती जहाजे बांधली आणि ती युद्धात उपयोगी पडली का?

उत्तर : पहिले मोठे जहाज सरकारी नव्हते. डब्ल्यू. लेस्ली कोमिन या व्यावसायिकाने आधी सरकारला गळ घालून पाहिली, आणि दाद मिळत नाही असे दिसल्यावर स्वतःच ‘सॅन फ्रान्सिस्को शिप बिल्डिंग कंपनी’ काढली. या कंपनीने कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटी येथे बांधलेले ‘फेथ’ हे ३२० फूट लांबीचे मालवाहू जहाज १४ मार्च १९१८ रोजी पाण्यात उतरले. त्यावर साडेसात लाख डॉलर खर्च झाले होते. पहिल्याच सफरीत खवळलेल्या समुद्राशी गाठ पडूनही ते टिकले, आणि काँक्रीट लाटांनी तडकून जाईल हे भाकीत खोटे ठरले.

राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यानंतर सरकारी योजनेखाली २४ जहाजांना मंजुरी दिली. प्रत्यक्षात १२ बांधली गेली, एकूण खर्च सुमारे पाच कोटी डॉलर झाला, आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला तेव्हा त्या बारांपैकी एकही पूर्ण झालेले नव्हते. ‘अटलांटस’ तर युद्धविरामानंतर महिनाभरातच, ५ डिसेंबरला, जॉर्जियातील ब्रन्सविक येथे पाण्यात उतरले. अलाबामातील मोबील येथे बांधलेल्या ‘सेल्मा’ या तेलवाहू जहाजाचे जलावतरण २८ जून १९१९ रोजी, म्हणजे व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी झाले. ज्या युद्धासाठी ही जहाजे होती, ते थांबून तोवर साडेसात महिने उलटले होते.

उशीर का झाला, हेही पाहण्यासारखे आहे. काँक्रीट ओतणे हे झटपट काम आहे अशी समजूत होती, पण जहाजाच्या वक्र आकाराचे लाकडी साचे तयार करणे, त्यांत दाट सळया बांधणे आणि चार-पाच इंचांच्या भिंतीत सळयांच्या जाळीमधून काँक्रीट सर्वत्र पोहोचेल याची खात्री करणे हे अतिशय किचकट निघाले. वजनाचा प्रश्न सोडवण्यासाठी हलकी खडी शोधावी लागली. कॅन्सस सिटीतील विटांचे उत्पादक स्टीफन हेड यांना असे आढळले होते की शेल नावाचा थरांचा खडक भट्टीत खूप तापवला असता फुगतो आणि आत बारीक छिद्रे असलेली, हलकी पण मजबूत खडी मिळते. त्यांनी ही पद्धत जहाजांसाठी सरकारला विनामूल्य वापरू दिली. आज उंच इमारतींत व पुलांत वापरले जाणारे हलके काँक्रीट याच शोधातून वाढले. त्या पाच कोटी डॉलरमधून देशाला कायमचे काही मिळाले असेल, तर ते हे.

ब्रिटननेही युद्धाच्या अखेरीस काँक्रीटचे बार्ज आणि टग (इतर जहाजांना ओढून नेणाऱ्या नौका) यांचा ताफा बांधायला घेतला. त्यांच्या नावांची सुरुवात ‘क्रीट’ या अक्षरांनी होत असे. आयर्लंडमधील बॅलिना गावाजवळ मॉय नदीत ‘क्रीटबूम’ आणि सन्डरलँडजवळ वेअर नदीत ‘क्रीटहॉझर’ यांचे सांगाडे राहिले आहेत. तो ताफाही युद्धाच्या कामी उशिराच आला.

प्रश्न : त्या बारा जहाजांचे पुढे काय झाले?

उत्तर : बहुतेकांचे आयुष्य अल्प ठरले, पण त्यांचे अवशेष मात्र दीर्घायुषी निघाले. अपघातांपासून सुरुवात करू, कारण काँक्रीटच्या जहाजाची खरी उणीव त्यांतूनच उघड झाली.

‘पोलियास’ हे जहाज ६ फेब्रुवारी १९२० रोजी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ हिमवादळात खडकावर चढले. घाबरलेल्या अकरा खलाशांनी आज्ञा मोडून एक बचावनौका उतरवली आणि ते सगळे मृत्यू पावले. जे जहाजावर थांबले, ते वाचले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ऱ्होड आयलंडमधील नॅरागॅन्सेट उपसागरात ‘केप फिअर’ची टक्कर ‘सिटी ऑफ अटलांटा’ या जहाजाशी झाली. टक्कर होताच ‘केप फिअर’ची बाजू मडक्यासारखी फुटली आणि अवघ्या काही मिनिटांत जहाज बुडाले; त्यात १९ जणांचा बळी गेला. पोलादी पत्रा अशा धडकेत वाकतो, दुमडतो, फाटतो, आणि त्या वाकण्या-दुमडण्यात धडकेचा बराच जोर जिरतो. काँक्रीट वाकत नाही. ते ठरावीक मर्यादेपर्यंत ताठ उभे राहते आणि मर्यादा ओलांडली की तुकडे होऊन कोसळते. वादळात ही जहाजे भरवशाची ठरली होती. खडक आणि टक्कर यांच्यापुढे ती टिकली नाहीत.

‘सेल्मा’ची कहाणी याच मालिकेतली आहे. ३१ मे १९२० रोजी मेक्सिकोतील टाम्पिको बंदरात धक्क्यावर आदळून तिच्या बुडाला सुमारे साठ फूट लांबीचे भगदाड पडले. दुरुस्तीसाठी तिला टेक्सासमधील गॅल्व्हेस्टनला नेण्यात आले, पण एवढ्या मोठ्या काँक्रीटच्या सांगाड्याची दुरुस्ती कशी करायची हे गोदीतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. पोलादाचे फाटलेले पत्रे काढून नवे बसवता येतात. इथे मात्र फुटलेल्या भागातल्या सळया मोकळ्या करून, जोडून, पुन्हा साचा उभारून काँक्रीट ओतावे लागले असते. अखेर पेलिकन बेटाजवळ १५०० फूट लांबीचा, २५ फूट खोलीचा चर खोदून ९ मार्च १९२२ रोजी तिला त्यात बसवण्यात आले, आणि ती आजही तिथेच आहे.

‘अटलांटस’ने काही काळ युरोपातून अमेरिकन सैनिक परत आणण्याचे आणि नंतर कोळसा वाहण्याचे काम केले. १९२० मध्ये ते निवृत्त झाले. १९२६ मध्ये न्यू जर्सीतील केप मे येथे फेरीबोटीच्या धक्क्यासाठी ते आणून ठेवले होते. जूनमधील वादळात साखळदंड तुटले आणि ते किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वाळूत रुतले. अनेक दशके ते पर्यटकांचे आकर्षण राहिले. आता लाटांनी त्याचे बरेचसे शरीर मोडून टाकले आहे आणि पाण्यावर त्याचा थोडासाच भाग दिसतो.

काहींच्या वाट्याला फारच अनपेक्षित कामे आली. ‘सपोना’ हे जहाज अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात बहामाजमधील बिमिनीजवळ चोरट्या दारूचे कोठार होते. १९२६ च्या चक्रीवादळात ते उथळ पाण्यात बसले आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना बाँबफेकीच्या सरावासाठी आयते लक्ष्य मिळाले. ‘सॅन पास्क्वाल’ क्यूबात मळी साठवण्यासाठी वापरले गेले, १९३३ मध्ये तिथल्याच किनाऱ्याजवळ रुतले, आणि पुढे त्याचे छोटे हॉटेलही झाले. ‘पालो आल्टो’ १९३० मध्ये कॅलिफोर्नियातील सीक्लिफ किनाऱ्यावर आणून त्यावर नृत्यगृह, उपाहारगृह आणि पोहण्याचा तलाव उभारण्यात आला. महामंदीत ती कंपनी दोन हंगामांतच बुडाली, जहाजाला मध्यावर तडा गेला, आणि १९३६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ते एका डॉलरला घेतले. त्यानंतर लोक त्यावर गळ टाकून मासे धरत असत. अलीकडे जानेवारी २०१७ मधील वादळाने ते आणखी मोडले आणि एका बाजूला कलंडले.

या सर्वांत ‘पेराल्टा’ वेगळे. १९२१ मध्ये पाण्यात उतरलेले हे तेलवाहू जहाज १९५८ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पॉवेल रिव्हर येथे नेण्यात आले. तिथल्या कागद गिरणीला लाकडाचे ओंडके पाण्यात साठवावे लागत आणि त्या जागेला लाटांपासून आडोसा हवा होता; म्हणून जुनी जहाजे नांगरून तरंगता बांध केला होता. पहिल्या महायुद्धाच्या योजनेतील इतर सगळी जहाजे बुडाली, रुतली किंवा मोडली, पण ‘पेराल्टा’ तिथे तरंगत राहिले.

प्रश्न : एवढा अनुभव घेऊनही दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच प्रयोग का केला?

उत्तर : कारण तीच टंचाई पुन्हा आली, आणि या वेळी अपेक्षा अधिक समजूतदार होत्या. फिलाडेल्फियाच्या मॅक्लॉस्की कंपनीला १९४२ मध्ये २४ जहाजांचे काम मिळाले आणि ती फ्लोरिडातील टॅम्पा येथे बांधली गेली. त्यांची नावे सिमेंट-काँक्रीटच्या इतिहासातील माणसांवरून ठेवली होती : रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस, पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेणारे जोसेफ ॲस्पडिन, एडिस्टनचा दीपस्तंभ उभारणारे जॉन स्मीटन, फ्रेंच अभियंते फ्रांस्वा एन्बिक. एरवी जहाजांना राजे, सेनापती आणि राज्यकर्ते यांची नावे मिळतात. त्या मानाने ही यादी मला फारच गोड वाटते.

ही जहाजे प्रामुख्याने मालवाहतूक आणि साठवण यांसाठी होती. त्याखेरीज अमेरिकेने इंजिन नसलेले काँक्रीटचे मोठे बार्जही बांधले, जे टगने ओढून पॅसिफिकमधील तळांजवळ नेऊन तेल, धान्य व इतर साहित्याच्या तरंगत्या कोठारांसारखे वापरता येत. बार्जने आपले काम चोख केले. त्याला वेग नको, चपळाई नको, एका जागी महिनोन्‌महिने उभे राहणे हेच त्याचे काम, आणि त्यात काँक्रीट पोलादापेक्षा कुठेही उणे पडत नाही. जर्मनीतही पोलादाच्या टंचाईमुळे काँक्रीटची जहाजे बांधली गेली. अभियंते उलरिख फिन्स्टरवाल्डर यांच्या नावाचे एक जहाज पोलंडमधील श्चेचिन शहराजवळच्या डोंब्ये सरोवरात अजूनही अर्धवट बुडालेल्या अवस्थेत आहे.

नॉर्मंडीत तर काँक्रीटला बुडण्याचेच काम होते. जून १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांचे सैन्य फ्रान्सच्या या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा ‘व्हिट्रुव्हियस’ आणि ‘डेव्हिड ओ. सेलर’ ही दोन जहाजे ‘युटा’ हे सांकेतिक नाव दिलेल्या भागासमोर मुद्दाम बुडवण्यात आली, म्हणजे त्यांच्या आडोशाला लहान नौकांना माल उतरवता यावा. याच मोहिमेतील मलबेरी या कृत्रिम बंदरांसाठी ब्रिटनमध्ये फीनिक्स नावाच्या प्रचंड काँक्रीटच्या पेट्या बांधल्या गेल्या. सर्वांत मोठ्या पेटीचे वजन सुमारे सहा हजार टन होते. त्या टगने ओढत इंग्लिश खाडी ओलांडून नेल्या, जागेवर पाणी भरून तळाशी बसवल्या, आणि आरोमांश येथे त्यांचे अवशेष आजही समुद्रात उभे दिसतात. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात नेदरलँड्सचे बांध फुटले, तेव्हा औवरकेर्क येथील शेवटचे मोठे खिंडार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अशाच फीनिक्स पेट्यांनी बुजवले गेले. आज त्याच पेट्यांत त्या पुराचे संग्रहालय आहे.

टॅम्पाच्या जहाजांपैकी नऊ जहाजे युद्धानंतर व्हर्जिनियात चेसापीक उपसागराच्या मुखाशी किप्टोपीक येथे फेरीच्या धक्क्यासमोर ओळीने बसवण्यात आली. १९६४ मध्ये उपसागरावरील पूल व बोगदा खुला झाल्यावर फेरी बंद पडली, धक्का ओस पडला, पण जहाजांची ओळ तशीच राहिली आणि लाटा अडवण्याचे काम करत राहिली. काही जहाजे पॉवेल रिव्हरच्या तरंगत्या बांधात ‘पेराल्टा’च्या शेजारी जाऊन उभी राहिली.

प्रश्न : खाऱ्या पाण्यात सळया गंजून काँक्रीट फुटते, हे समुद्रकाठच्या इमारतींत दिसते. मग शंभर वर्षांची ही जहाजे टिकली कशी?

उत्तर : चांगल्या काँक्रीटमध्ये सळईभोवतीचे वातावरण अल्कधर्मी असते आणि त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड आत झिरपत सळईपर्यंत पोहोचले की तो थर मोडतो, गंज धरतो, गंज मूळ पोलादापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने आतून दाब येतो आणि वरचे आवरण सुटते. म्हणजे सर्व काही क्लोराइडला आत शिरायला किती वेळ लागतो यावर अवलंबून आहे. ‘सेल्मा’च्या काँक्रीटमध्ये सिमेंटचे प्रमाण भरपूर होते, कण बारीक होते, आणि फुगवलेल्या शेलच्या खडीशी सिमेंटची पकड इतकी घट्ट होती की सूक्ष्म भेगा कमी राहिल्या. सळयांवर जेमतेम दीड सेंटिमीटरचे आवरण असूनही, पुढे १९५३ मध्ये अभियंत्यांनी नमुने काढून पाहिले तेव्हा पोलाद बहुतांशी सुस्थितीत आढळले. आजच्या समुद्रकाठच्या बांधकामांत याच्या कितीतरी पट आवरण ठेवतात, तरी पाणी जास्त घातलेले सच्छिद्र काँक्रीट असेल तर ते वाचत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, सतत पाण्याखाली राहिलेल्या भागात प्राणवायू फारसा पोहोचत नाही, त्यामुळे तिथे गंजण्याची गती मंद असते. सर्वाधिक हानी होते ती लाटांचे शिंतोडे उडणाऱ्या, भिजणाऱ्या आणि पुन्हा वाळणाऱ्या पट्ट्यात. या अवशेषांची छायाचित्रे पाहिली तर उघड्या पडलेल्या, लाल झालेल्या सळया बहुधा याच पट्ट्यात दिसतात. ‘अटलांटस’ आणि ‘पालो आल्टो’ यांना मात्र गंजापेक्षा लाटांच्या आघाताने अधिक मोडले.

प्रश्न : आज काँक्रीटची जहाजे कोणी बांधते का?

उत्तर : प्रवास करणारी मालवाहू जहाजे कोणी बांधत नाही. शांततेच्या काळात जहाजाचा मालक दर सफरीचे इंधन आणि मालाचे भाडे मोजतो, आणि जड कवचामुळे दर सफरीत थोडा माल कमी व थोडे इंधन जास्त असे होत असेल, तर वीस-पंचवीस वर्षांत ते परवडत नाही. लहान नौकांत मात्र लाम्बो यांची जाळी व गिलाव्याची पद्धत टिकली. इटालियन अभियंते पिएर लुइजी नेर्वी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फक्त ३५ मिलिमीटर जाडीच्या कवचाची, १६५ टनांची ‘इरेने’ ही नौका बांधली, आणि नंतरच्या दशकांत अनेक हौशी दर्यावर्दींनी याच पद्धतीने शिडाच्या नौका केल्या.

मोठे काम तरंगणाऱ्या पण न फिरणाऱ्या बांधकामांत झाले. सिॲटलजवळील लेक वॉशिंग्टनवर १९४० मध्ये काँक्रीटच्या पोकळ पेट्यांवर तरंगणारा पूल उभारला गेला. पुढे पूर्वताणित काँक्रीट आले : यात तारा आधीच ताणून ठेवल्याने काँक्रीट कायम दाबाखाली राहते, आणि लाटेमुळे येणारा ताण त्या दाबातून वजा होतो. पहिल्या जहाजांच्या अभियंत्यांना जी वाकण्याची चिंता होती, तिच्यावर हे खरे उत्तर होते. १९७६ मध्ये जावा समुद्रासाठी बांधलेला ‘अर्जुना शक्ती’ हा द्रवरूप वायू साठवणारा बार्ज आणि १९९६ मधील काँगोच्या किनाऱ्यावरील ‘न्कोसा’ तेलक्षेत्राचा २२० मीटर लांबीचा बार्ज ही या पद्धतीची उदाहरणे आहेत. नॉर्वेचा ‘ट्रोल ए’ हा ४७२ मीटर उंचीचा वायू उत्पादन मंच काँक्रीटच्या पायांवर उभा आहे. तो १९९५ मध्ये किनाऱ्याजवळ जोडून, तरंगत ठेवून, टगच्या साहाय्याने उत्तर समुद्रात ओढत नेण्यात आला आणि तिथे तळावर बसवण्यात आला.